पट्टीने न मोजलेली उंची

उपग्रहांचे संदेश हवेतून येताना थोडे चुकतात. म्हणून आम्ही मोजणीवाले एक यंत्र जागा ठाऊक असलेल्या खुणेवर दिवसभर स्थिर ठेवतो आणि दुसरे शेताशेतांतून फिरवतो. स्थिर यंत्र ज्या क्षणी जितके चुकते, तितकी चूक फिरत्या यंत्राच्या नोंदींतून नंतर कार्यालयात वजा करता येते. पद्धत सुंदर आहे. अट एकच: स्थिर यंत्र खुणेपासून किती उंच उभे आहे, हे रोज सकाळी पट्टीने मोजायचे.

रामटेकजवळ पाटाचे पाणी धानाच्या शेवटच्या बांधीपर्यंत, म्हणजे बांध घातलेल्या खाचरापर्यंत, नेणारा पाइप टाकायचा होता. पाट पहिल्या दिवशी मोजला, शेवटची बांधी तिसऱ्या दिवशी. नागपूरला नोंदी दुरुस्त करायला घेतल्या, तेव्हा वहीत तिन्ही दिवसांपुढे एकच आकडा दिसला: १.५०० मीटर. स्थिर यंत्राची तिपाई रोज नव्याने उभी करतात. तिन्ही सकाळी मिलिमीटरपर्यंत तीच उंची येत नसते.

"मोजली होती?" ती मोजणी करून आलेल्या सहकाऱ्याला मी विचारले.

"तिपाई तर तीच होती नं मॅडम! उंची काहून बदलेल? असंन चार बोटं इकडंतिकडं. सॉफ्टवेअर करते नं बरोबर."

सॉफ्टवेअर उपग्रहाची चूक सुधारते; माणसाची थाप ते खरी मानते. हे मी इतक्या मोठ्याने सांगितले, की शेजारच्या टेबलांवरचे बोलणे थांबले. वरिष्ठ म्हणाले, "पाइपचा चर खोदून झालाय, पातळीच्या कागदावर सही करा." मी केली नाही.

दुसऱ्या दिवशी सहकाऱ्याला घेऊन त्याच शेतांवर गेले. उंची दोनदा मोजली, मग तिपाई न हलवता पाट आणि बांधी दोन्ही एकाच उभारणीत मोजली. दुपारी बांधावरच लॅपटॉप उघडून नोंदी सुधारल्या. पाटाच्या मानाने बांधी कागदापेक्षा नऊ सेंटिमीटर उंच निघाली.

बांधीची मालकीण, एक म्हातारी, सकाळपासून तिथेच बसून होती. "काय निघालं वं बाई?"

"आजी, कागदाप्रमाणे पाइप टाकला असता तर पाणी तुमच्या बांधीच्या एवढं खाली राहिलं असतं." मी पट्टीवर बोट ठेवले.

तिने आपला पंजा आडवा करून पट्टीला लावला. "एवढ्याच पाण्यात तर माहं धान उभं रायते!"

मी सहकाऱ्याकडे वळले. "आता यांना सांगा. चार बोटं इकडंतिकडं."

पाइपची पातळी नव्याने आखल्याशिवाय सही मिळणार नाही, हे मी वरिष्ठांना तिथूनच फोनवर कळवले. पट्टी त्याच्या हातात दिली आणि म्हटले, "तिपाई पुन्हा उभी करा. आता तुम्ही मोजा, मी बघते."