बाबांच्या हसण्याची टेस्ट

घाटकोपरच्या जुन्या खोलीतल्या शेवटच्या गणपतीचा एक व्हिडिओ आमच्याकडे आहे. मीच घेतलेला, त्यामुळे अर्धा वेळ माझा अंगठाच दिसतो. पण त्यात बाबा हसतात. बाबांचं हसणं आमच्याकडे तेवढंच उरलंय. दर रविवारी जेवण झालं की आई आमच्या मुलुंडच्या घरातल्या टीव्हीवर तो व्हिडिओ लावायला लावते.

एका रविवारी चित्र आलं, आवाज नाही.

"रिमोट बिगाडलो रे," आई म्हणाली.

रिमोट ठणठणीत होता. टीव्हीवरचा प्लेयर आपोआप अपडेट झाला होता. हा प्लेयर फुकटातला; त्याचा कोड सगळ्यांना खुला, आणि जगभरातली हौशी माणसं त्यात रोज काही ना काही बदल करत असतात. त्यातल्याच एका बदलाने माझ्या जुन्या कॅमेऱ्याच्या फायली मुक्या केल्या होत्या.

"मी दुरुस्त करतो," मी म्हणालो. अर्धं आयुष्य सॉफ्टवेअरमध्ये काढल्याचा माज, दुसरं काय.

"गीझर पण तूच दुरुस्त केला होतास ना?" बायको म्हणाली. त्यानंतर आम्ही नवा गीझर घेतला होता.

माझी दुरुस्ती तीन ओळींची निघाली. सापडायला पाच आठवडे लागले. ती प्लेयरवाल्यांना पाठवताना सोबत पत्र जोडलं: मी कोण, बाबा कसे होते, आई काय म्हणते, तसदीबद्दल क्षमस्व. सोसायटीच्या सेक्रेटरीला गळतीचा अर्ज लिहितो तस्सं. बदल तपासणाऱ्या कुठल्याशा परदेशी बाईंचं उत्तर आलं: कोड ठीक, पत्र काढा, दहा सेकंदांची नमुना फाइल जोडा.

मी व्हिडिओतला बाबा हसतात तो तुकडा कापला आणि पाठवला. कापताना आवाज ऐकलाच नाही. ऐकणार कसा? तोच तर गेला होता.

मग दुसऱ्या ओळीच्या शेवटी एक रिकामी जागा जास्त सुटली म्हणून बदल परत आला. मग आणखी दोनदा. शेवटी मंजूर झाला, पुढचं अपडेट आलं, आणि एका रविवारी टीव्हीतून आईच ओरडली:

"अवो, मोदकाक हात लाव नकात! आधी निवेद दाखवा, मगे काय ता गिळा!"

बाबांनी मोदक उचलला आणि ते हसले. आईने पदर डोळ्यांना लावला. मी मात्र गार. हेच ते दहा सेकंद! आईला सगळं सांगून टाकलं.

"म्हणजे मी ह्यांका 'गिळा' म्हटलंय, ता तू जगाक दिलंस?"

"कोणी ऐकत नाही गं. कोडमध्ये कोणीही काही बदललं की मशीन टेस्ट म्हणून ही फाइल वाजवून बघतं. आवाज होता तसाच आला, तरच तो बदल आत घेतात. तुला नको असेल तर काढायला सांगतो."

"आणि काढल्यावर परत आवाज गेलो तर?"

"जाऊ शकतो."

"मगे रवांदे," आई म्हणाली. थोड्या वेळाने तिने विचारलं, "दिवसाक किती वेळा वाजवतत?"

"जितके बदल, तितक्यांदा."

आईने टीव्हीकडे पाहिलं. थांबवलेल्या चित्रात बाबांच्या हातात मोदक तसाच होता.

"बघ. इतक्यांदा सांगतंय, पण हे एकदा ऐकतीत तर शपथ!"