कुडाचे घर आणि इंदुमती मॅडम

सर्वप्रथम गौरव अंकाच्या संपादक मंडळींची माफी मागतो. हा लेख गणपतीच्या आधी द्यायचा होता आणि आता नवरात्र आले. उशिराचे कारण आळस नाही, काळजी आहे. संग्रहालयाच्या आवारातले कुडाचे घर राहणार की जाणार याचा निकाल लागला, की चांगली बातमी घालूनच लिहावे असे मनात होते. निकाल काही लागत नाही आणि मॅडमची पंचाहत्तरी थांबणार नाही. शिवाय माझे शिक्षण सातवीपर्यंत. विद्वानांच्या लेखांच्या पंगतीत आपले पान मांडावे की नाही, याचीही धास्ती होती. काही चुकले तर सुधारून घ्यावे.

मी संग्रहालयात पहारेकरी होतो. मॅडमची पहिली ओळख खापरांच्या कपाटापाशी झाली. त्या पुरातत्त्वाच्या अधिकारी म्हणून नुकत्याच रुजू झाल्या होत्या, हे मला ठाऊक नव्हते. त्यांनी विचारले, "इथे लोक किती वेळ थांबतात हो?"

"थांबत नाहीत बाई. मूर्ती बघून दमले की कपाटाला टेकतात."

त्या खळखळून हसल्या आणि माझ्या शेजारी स्टूल ओढून दिवसभर टेकणारी माणसे बघत बसल्या. संध्याकाळी म्हणाल्या, "निवृत्तीराव, नुसती खापरं दाखवून भागणार नाही. ज्या घरात ही मडकी फुटली, ते घर दाखवायला हवं."

आणि त्यांनी ते दाखवले. गोदावरीच्या खोऱ्यात तीन हजार वर्षांपूर्वी शेती करणारी माणसे जशा घरात राहत, तसे घर त्यांनी आवारात उभे केले. कुडाच्या भिंती, गवताचे छप्पर, चूल, कणगी आणि शेणाने सारवलेली जमीन. जमीन दर रविवारी सारवावी लागे. त्यासाठी मॅडमनी माणूस ठेवला नाही. पदर खोचून त्या स्वतः बसत आणि बघायला आलेल्या बायकांना हाक मारत, "या की, कोण हात लावतंय?" पेठकडच्या खेड्यांतल्या बाया लगेच बसायच्या. गंगापूर रोडच्या कॉलेजच्या मुली नाक धरून उभ्या राहायच्या. एकीने विचारले, "मॅडम, हातमोजे मिळतील?"

"मिळतील. पण मग तुझी बोटं उमटायची नाहीत. त्या काळच्या बायकांची उमटायची, तशी."

मुलगी बसली. निघताना आपल्या बोटांचा फोटो काढून घेऊन गेली.

घर बघायला येणाऱ्यांना माहिती सांगायचे काम मॅडमनी मला दिले. मला रात्र रात्र झोप येईना. घर भरलेले दिसावे म्हणून मी चुलीवर लाल मिरच्यांची माळ टांगली आणि शाळेच्या सहलीला ऐटीत सांगू लागलो. मॅडम दारात उभ्या राहून ऐकत होत्या. त्या पुढे येऊन मुलांना म्हणाल्या, "काकांनी या घरात मुद्दाम एक चुकीची वस्तू ठेवली आहे. शोधा बघू." मुलांनी घर पालथे घातले आणि शेवटी एकाला मिरची सापडली. मुले गेल्यावर त्या हळूच म्हणाल्या, "मिरची आपल्याकडे यायला तेव्हा अजून दोन-अडीच हजार वर्षं होती, निवृत्तीराव."

"मग मॅडम, त्यांच्या कालवणाला चव ती काय?"

"तेच तर मला पण कळत नाही!"

पुढे तो खेळच झाला. कधी बटाटा, कधी मक्याचे कणीस. माझी फजिती त्यांनी चार पोरांपुढे होऊ दिली नाही, हे मी विसरलेलो नाही.

त्या काळी लहान मूल गेले तर त्याला दोन मडक्यांत, तोंडाला तोंड लावून, घरातल्याच जमिनीखाली ठेवत. मॅडमनी घराच्या एका कोपऱ्यात तशी दोन मडकी मांडली. मडकी आपल्याच कुंभाराची, आत नुसती माती. तरी मी त्या कोपऱ्याकडे पाठ करून बसत नसे. मॅडम म्हणत, "आत काही नाही, हे तुम्हाला माहीत आहे ना?" मी म्हणे, "मला आहे मॅडम, भीतीला नाही."

संग्रहालयाच्या समितीतल्या एका गृहस्थांनी हरकत घेतली. "लोक सुट्टीत येतात, त्यांना मयत कशाला दाखवता?" बोलणे तिथेच घरात चालले होते. तेवढ्यात पेठकडची एक म्हातारी आली आणि बोलणे ऐकून मडक्यांपाशी टेकली. "पोर कुनाचं हाय?"

मॅडमनी सगळे सांगितले.

"आईनं घरातच ठिवलं? बरं केलं. रानात एकलं भ्यालं असतं."

गृहस्थ म्हातारीच्या मागे येऊन वाकून बघू लागले. मग म्हणाले, "राहू द्या. पण शाळा आली तर आधी शिक्षकांना विचारत जा." मॅडम लगेच म्हणाल्या, "हे मला सुचायला हवं होतं." आपलेच खरे करायचे, असे त्यांचे कधी नसे.

निवृत्तीनंतरही मॅडम दर रविवारी येत राहिल्या. मीही नाशिक रोडहून येतो. श्रावणातल्या एका रविवारी सारवून झाल्यावर त्यांना उठता येईना. मी आणि आताच्या पहारेकऱ्याने धरून उठवले तेव्हा त्या हसत होत्या, पण गुडघे किती दुखत होते ते दिसत होते. हे कार्यालयाच्या कानावर गेले. तेव्हापासून म्हणतात, घर उतरवून तिथे घराची फिल्म दाखवणारा मोठा पडदा लावू. सारवायला माणसे येतील अशी खात्री द्या, मग ठेवू. मॅडमना सांगितले तर म्हणाल्या, "घरं पडतातच, निवृत्तीराव. म्हणून तर आम्हाला सापडतात." पण पुढे बराच वेळ त्या भिंतीला हात लावून उभ्या होत्या.

मॅडमना निरोगी, हिंडते-फिरते, उदंड आयुष्य लाभो. त्यांचे गुडघे बरे होवोत आणि त्यांनी दारात खुर्ची टाकून बसावे, आत दुसऱ्यांनी सारवावे. त्यांचे विद्यार्थी, मैत्रिणी, वाचक, सर्वांना हात जोडून विनंती आहे. एक रविवार कोण देऊ शकेल, ते संग्रहालयाच्या दारावर सांगून ठेवा. सारवता येत नसले तरी चालेल, तिथे शिकता येते. पण लवकर कळवा. सत्काराच्या दिवशी शाल-श्रीफळ सगळेच देतील. मला मॅडमना चार नावे सांगायची आहेत.