मागे वळून बोलणारे भावोजी

मोटारसायकलवर बसून माणसाला जेवढ्या चुका करता येतात, तेवढ्या सगळ्या एकाच फेरीत, अत्यंत प्रसन्न चेहऱ्याने करून दाखवणारा माणूस साऱ्या ठाणे जिल्ह्यात एकच आहे आणि तो माझा धाकटा दीर आहे. हे मी रागाने म्हणत नाही. मला सगळं क्रमाने लावून ठेवायची सवय आहे. किराणा असो, कुणाच्या लग्नाची तयारी असो की घरातल्या माणसांचे गुणदोष. भावोजींपुढे मात्र ही सवय हात टेकते. त्यांची एक चूक जागेवर लावून होईस्तोवर ते दुसरी करून आलेले असतात. राहायला ते मोहन्याला, कल्याणात त्यांचं चष्म्यांचं छोटं दुकान, आणि आम्ही डोंबिवलीत. त्यामुळे कुठल्याही कार्याला, दुखण्याखुपण्याला, नुसत्या फणसाच्या भाजीलासुद्धा "वहिनी, तुम्ही कल्याणला उतरा, मी न्यायला येतो" असा त्यांचा फोन ठरलेला. एवढा मायाळू माणूस न्यायला येतो म्हटल्यावर नाही म्हणवत नाही. आणि गाडीवर बसल्यावर देवाचं नाव घेतल्याशिवाय राहवत नाही.

हेल्मेट ते कधी विसरत नाहीत, पण डोक्यावर ठेवतात ते टोपीसारखं. पट्टा लावणं त्यांना मान्य नाही. "हनुवटी आवळते हो, शब्द नीट उमटत नाहीत." एकदा शहाडच्या पुलावर ते हेल्मेट वाऱ्याने उडून गेलं. भावोजींना ते कळलं घरी आल्यावर, खुंटीला टांगायला म्हणून डोक्याकडे हात नेला तेव्हा. आरसे दोन्ही आत वळवलेले, कारण त्यांच्या गल्लीत शेजाऱ्यांच्या गाड्या घासतात. शिवाय आत वळवलेल्या आरशात भांग चांगला दिसतो. बाजूचं स्टँड वर घ्यायचं राहून जातं, मग रस्त्यातली भली माणसं "काका, स्टँड! स्टँड!" म्हणून ओरडतात. भावोजी हात हलवून सगळ्यांना हसतात आणि मला म्हणतात, "बघा वहिनी, इथे किती लोक ओळखतात आपल्याला." भाजीची पिशवी हँडलच्या डाव्या बाजूला. तिच्यात दुधी असला की हँडल डावीकडे वळवताना तो गुडघ्यात येतो, म्हणून भाजीच्या दिवशी ते डावीकडे वळतच नाहीत. लांबचा फेरा घालून, फक्त उजवी वळणं घेत घरी पोचतात आणि दुधी ताजा मिळाल्याचं समाधान मानतात.

दसऱ्याला गाडीची पूजा करावी ती त्यांनीच. आदल्या दिवशी गाडी अशी धुतात की जावयाला मंगलस्नान घालताहेत असं वाटावं. मग हळदकुंकू, नारळ आणि झेंडूचा हा एवढा जाड हार. एका मुठीपासून निघून हेडलाईटवरून दुसऱ्या मुठीपर्यंत. हा हार हाताने काढायचा नाही, तो आपण होऊन सुकून गळला पाहिजे, असा त्यांचा नियम आहे. त्यामुळे दसऱ्यापासून दिवाळीपर्यंत संध्याकाळी त्यांच्या गाडीचा उजेड रस्त्यावर पडतो तो पाकळ्यांच्या फटींतून जेवढा गळेल तेवढाच. माझी जाऊ एकदा म्हणाली, "अहो, समोरचं दिसतं तरी का?" तर म्हणाले, "समोरच्याला आपण दिसतो ना? सजूनधजून येतोय म्हटल्यावर तो बाजूला होतोच."

या सगळ्या झाल्या सवयी. त्यांचे सिद्धांत वेगळे. उतार लागला की इंजिन बंद करायचं, कारण उतार फुकट असतो आणि पेट्रोल विकत. दुसरा सिद्धांत पुढच्या ब्रेकचा. पुढचा ब्रेक दाबला की माणूस गाडीवरून उलटा फेकला जातो, हे त्यांनी तरुणपणी कुणाकडून तरी ऐकलं आणि मनाला इतकं लावून घेतलं की पान्याने त्या ब्रेकची तारच ढिली करून टाकली. "नाहीच लागला तर धोका नाही," असं ते डॉक्टरच्या थाटात सांगायचे. मागचा ब्रेक, पायातली चप्पल आणि लोकांची माणुसकी, या तिन्हींच्या जोरावर त्यांची गाडी थांबायची.

पण भावोजींना जर कुठला मुकुट घालायचा असेल तर तो मागे वळून बोलण्यासाठी. दिवसभर गिऱ्हाइकाच्या चेहऱ्याकडे बघत, नाकावर फ्रेम कशी बसते ते न्याहाळत बोलायचा त्यांचा धंदा. तोंडाकडे न बघता बोलणं त्यांना उद्धटपणाचं वाटतं, आणि वहिनीशी तर उद्धटपणा करायचाच नाही. त्यामुळे गाडी पुढे चाललेली आणि भावोजींचं तोंड माझ्याकडे. शहाडच्या पुलावर दोन्ही बाजूंनी ट्रक घोंघावताहेत आणि हे मान वळवून विचारताहेत, "दादाची शुगर काय म्हणते?" मी सुरुवातीला "बरी आहे" एवढंच सांगून प्रश्न मिटवायची. मग युक्ती म्हणून गप्प बसून पाहिलं. तर आणखी वळले. "वहिनी? झोप लागली का?" शेवटी मी रस्त्याचं वर्णन करायला लागले. "शुगर बरी आहे, पुढे रिक्षा आहे, गोळी बदललीय, म्हैस, डावीकडे म्हैस." असा आमचा संवाद मोहने येईपर्यंत चालायचा.

हे सगळं हसून सांगायचं म्हणून मी साठवून ठेवलं होतं. हसू थांबलं ते तन्वीला नोकरी लागली तेव्हा. तन्वी भावोजींची एकुलती एक मुलगी. डोंबिवली एमआयडीसीतल्या एका कारखान्याच्या लॅबमध्ये तिला काम मिळालं आणि तिने जाहीर केलं की ती बाबांच्या मोटारसायकलनेच जाणार. लायसन्स होतंच. भावोजींनी आनंदाने गाडी तिला देऊन टाकली आणि स्वतः दुकानात रिक्षाने जायची तयारी केली. जावेचा मला फोन आला. आवाज खाली गेलेला. "ताई, पोरीला गाडी कोणी शिकवलीय, माहितीये ना? सगळं ह्यांनी."

मी रविवारी मोहन्याला गेले. बोलून कुणी ऐकणार नव्हतं, म्हणून साधा उपाय काढला. तन्वीने गाडी चालवायची, भावोजींनी तिच्या मागे बसायचं, आणि आमच्या घरी डोंबिवलीला जेवायला यायचं. मी आणि जाऊ रिक्षाने मागून. भावोजी आयुष्यात कधी मागच्या सीटवर बसले नव्हते, तन्वीला शिकवलं तेही बाजूला उभं राहून. पाय कुठे ठेवायचे तेच त्यांना सापडेना. "बाबा, नीट बस ना," तन्वी म्हणाली आणि हेल्मेट टोपीसारखं डोक्यावर टेकवून निघाली. पट्टा लोंबत होता. दोघांचाही.

शहाडचा पूल चढून झाला, उतार लागला आणि तिच्या गाडीचा आवाज बंद झाला. जावेने माझा हात घट्ट धरला. भावोजी काहीतरी बोलत होते, आणि तन्वीने ऐकायला म्हणून पूर्ण मान मागे वळवली. हसली. समोर पाण्याचा टँकर थांबत होता. भावोजींनी हात पुढे करून काहीतरी ओरडल्याचं आम्हाला दिसलं. मागचं चाक फरफरत आडवं गेलं, गाडी तिरकी झाली आणि टँकरच्या मागच्या पत्र्याला हात लागेल इतक्या अंतरावर थांबली.

आमचा रिक्षावाला ब्रेक मारत म्हणाला, "पोरगी शिकली कोणाकडनं हो? मारेल ना मागच्या म्हाताऱ्याला."

"त्याच म्हाताऱ्याकडनं," जाऊ म्हणाली आणि रडायलाच लागली.

आम्ही धावलो. दोघांना ओरखडासुद्धा नव्हता. भावोजी उतरले होते आणि त्यांचा चेहरा पांढरा पडला होता.

"पुढचा ब्रेक का नाही दाबलास?" ते मुलीवर ओरडले.

"दाबला! लागलाच नाही. तूच ढिला करून ठेवलायस."

"इंजिन कशाला बंद केलंस मग?"

"उतार होता ना बाबा."

"आणि मागे काय बघत होतीस? मागे काय आहे?"

"तू होतास," तन्वी म्हणाली. "तू बोलत होतास ना माझ्याशी."

भावोजी पुलाच्या कडेला कठड्याला टेकून उभे राहिले. गाड्या जात होत्या. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "वहिनी, ही अगदी माझ्यासारखी चालवते."

"हो."

"तुम्ही अशाच बसता माझ्या मागे?"

"अशीच बसते, भावोजी. देवाचं नाव घेत."

त्यांनी तिथून मोहन्यापर्यंत गाडी स्वतः ढकलत परत नेली, कुणाला हात लावू दिला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मेकॅनिकचं शटर उघडायच्या आधी ते दारात उभे होते, असं जावेने सांगितलं. पुढचा ब्रेक घट्ट झाला, आरसे बाहेर आले. मग रोज संध्याकाळी गावामागच्या मोकळ्या मैदानात बापलेक शिकायला लागले. दोन्ही ब्रेक एकत्र, पुढचा हळूहळू दाबत, नजर समोर लांबवर. शिकवणारी तन्वी होती, कारण तिने कुठे कुठे बघून सगळं समजून घेतलं होतं, आणि चुकणारे बहुतेक वेळा भावोजी होते. "बाबा, मान!" ती ओरडायची. ते मान सरळ करायचे. मी गेले तेव्हा तिने मला गाडी थांबवून दाखवली, जिथे सांगितलं तिथे. मी हो म्हटलं तेव्हाच ती नोकरीला गाडीने निघाली, आणि पोचल्यावर रोज आईला फोन करते.

भावोजींनी पुढे स्वतःसाठी एक जुनी गाडी घेतली. परवा ते मला कल्याणला न्यायला आले. हेल्मेट घातलं, पट्टा टक् करून लावला, माझाही लागला का ते पाहिलं, स्टँड वर घेतलं, आरशात बघितलं आणि आम्ही निघालो. इतक्या सुरक्षितपणे मी मोहन्याला कधीच गेले नव्हते. वाटेत मला एकदम आमच्या ह्यांच्याबद्दल काही सांगावंसं वाटलं. घरात कुणाला सांगितलं नव्हतं असं. मी म्हटलं, "भावोजी, एक बोलायचं होतं."

मान हलली नाही. "उतरल्यावर, वहिनी," ते म्हणाले, आणि ते बरोबरच होतं.

सिग्नलला आम्ही थांबलो. आजूबाजूला तशीच काळी हेल्मेटं घातलेली माणसं, सगळी समोर बघत. मी भावोजींच्या पाठीकडे बघत बसले. घरी पोचल्यावर त्यांनी गाडी नीट लावली, हेल्मेट काढलं, घाम पुसला आणि पूर्ण माझ्याकडे वळून, पूर्वीसारखं तोंडभर हसून विचारलं, "हं, बोला. काय म्हणत होतात?"

तोवर आतून जाऊ आली होती, हातात पाण्याचा तांब्या घेऊन. मी म्हटलं, "काही नाही हो, सहजच."