हाताला माती न्हाई

कोणी हात पुढे केला की आबा तो आपल्या हातात घ्यायचा, उताणा करायचा आणि तळव्यावरून एकदा अंगठा घासून बघायचा. मग हात सोडून द्यायचा आणि म्हणायचा, "माती न्हाई गड्या." समोर तलाठी असो, गावातला नवा जावई असो की मतं मागायला आलेला पुढारी, निकाल बहुतेक हाच.

आबा हे त्याचं नाव नव्हे. नाव मी लिहिणार नाही. जिवंतपणी त्याने ते कुठल्या फ्लेक्सवर, पत्रिकेवर येऊ दिलं नाही, मग मी कशाला आणू. आष्ट्याच्या अलीकडे आमचं गाव, आणि जत्रेच्या मैदानात कुस्त्यांच्या जोड्या लावायचं काम त्याचं. ज्यांनी कुस्तीचं मैदान बघितलंय त्यांना सांगायला नको. ज्यांनी टीव्हीवरच खेळ बघितलेत त्यांच्यासाठी सांगतो. चार-दोन मोठ्या कुस्त्या आधी ठरलेल्या असतात. बाकीचे पैलवान आखाड्याच्या कडेने फिरत असतात आणि कोण कोणाच्या तोलाचा, हे एका माणसाने नजरेने ठरवायचं असतं. काटा नाही, कागद नाही. ठरवणारा चुकला तर कोणाचा तरी खांदा निखळतो. आबा नजरेवर भागवायचा नाही, हात बघायचा. नखात मुरलेली माती आणि तळव्याचे घट्टे बघून पैलवान रोज मेहनत करतो की जत्रेपुरता लंगोट लावतो, ते त्याला कळायचं.

मी त्या आखाड्याची माती करायचो. उकरायची, खडा वेचायचा, तेल, ताक, हळद आणि लिंबू घालून मळायची. शाळा मी तिसरीत सोडली. पण आमच्या मातीत पडलेल्याला खरचटलं तर जखम चिघळत नाही, हे दुसऱ्या गावचे वस्तादसुद्धा मान्य करायचे. हे मी सांगतोय, कारण आता सांगणारं दुसरं कोणी उरलं नाही.

आबा एकदा चुकला. पाटणकडचा एक पैलवान दोन एसट्या बदलून आला होता. हाताला माती, घट्टे, सगळं जिथल्या तिथं. आबाने जोड लावली. दुसऱ्याच मिनिटाला गड्याचे डोळे फिरले आणि डाव न लागता तो आडवा झाला. शनिवार होता. मारुतीचा उपास, आणि उपास मोडायचा नाही म्हणून पठ्ठ्या सकाळपासून पाण्यावर होता. शनिवारचा उपास आमच्यात अर्ध्या पैलवानांना असतो. ते आबाच्या ध्यानात येऊ नये, हे त्याला फार लागलं. पाटणचा गडी रात्रीपर्यंत उठून जेवून हसायला लागला, पण आबा दोन दिवस हसला नाही. तेव्हापासून हात बघून झाला की तो विचारायचा, "जेवलास का?" पैलवानालाच नव्हे, सगळ्यांना. पोस्टमनला. वीज तोडायला आलेल्या वायरमनला. लोक हसायचे. आधी नापास करतो आणि मग जेवायचं विचारतो, असला परीक्षक कुठे असतो.

आता हल्लीचं सांगतो. एकदा आम्ही दोघं सलूनमध्ये बसलो होतो. टीव्हीवर क्रिकेटवाल्यांचा लिलाव चालला होता. कोट घातलेली माणसं पाट्या वर करत होती. आबाची अर्धी दाढी झाली होती. तो म्हणाला, "खिल्लार घेताना तरी माणूस दात बघतो, वशिंड बघतो. हितं कोण काय बघतंय?" आणि साबणाच्या तोंडाने उठून बाहेर गेला. उरलेली अर्धी दाढी त्याने घरी स्वतःच्या हाताने केली. मला विचाराल तर तो कमी बोलला. मैदानात खेळणारा माणूस रात्री जाहिरातीत येऊन सांगतो की मोबाइलवर टीम लावा. खेळतो कोण, हरतो कोण, खाटेवर पडल्या पडल्या कर्ज काढतो कोण. ह्याला खेळ म्हणायचं माझी जीभ उचलत नाही.

राजकारणाचंही तेच. ज्याला शिव्या देऊन मतं घेतली, त्याच्याच मांडीवर आठवड्याने बसायचं आणि आम्ही विकासासाठी गेलो म्हणायचं. आणि सण. गुढी आता पाकिटातून येते, प्लास्टिकची, वीतभर, मोटारीत पुढच्या काचेला चिकटवायची. तांब्या नाही, कडुलिंब नाही, वेळूची काठी नाही. दिवाळी कधी हे कॅलेंडरच्या आधी दुकानाच्या ऑफरवरून कळतं. गणपतीपुढे स्पीकरच्या भिंती लावतात आणि म्हातारी माणसं कानात बोळे घालून घरामागच्या परड्यात जाऊन बसतात. आम्हीही बसायचो. आबा तिथे बसून म्हणायचा, "द्येवाला तरी कुठं परडं हाय."

ह्या सगळ्याचं एक चिन्ह म्हणजे फ्लेक्स. तुमच्याही गावात असतील. वाढदिवस एकाचा आणि तोंडं चाळीस. सण सरला की ते फ्लेक्स आम्ही उतरवून आणायचो आणि पावसापाण्यात आखाडा झाकायचो. आबाचा नियम होता, तोंडं आभाळाकडे. एकदा मी पालथा टाकला तर तो अंगावर आला. "उलटा कर. ह्यांची तोंडं मातीकडं नगंत. माती नासंल." मग रात्रभर पुढाऱ्यांच्या तोंडावर पाऊस पडायचा आणि खाली माती कोरडी राहायची. त्या माणसांनी गावासाठी खरं केलेलं काम तेवढंच.

मग ते वर्ष आलं. जत्रा होती चैत्रात. एका पुढाऱ्याचा वाढदिवस आठवडाभराने होता, म्हणून जत्रा कमिटीने कुस्त्या वाढदिवसाला ढकलल्या. देव थांबला, पुढारी थांबला नाही. हलगीच्या जागी डीजे आला. सगळ्या जोड्या फोनवर ठरल्या. आबाला काम उरलं नाही, म्हणून त्याचा सत्कार ठेवला. त्याच्याबरोबर माझाही. दोघांना फेटे बांधले आणि स्टेजवर खुर्च्या दिल्या.

पुढारी शेवटची कुस्ती लावायला बूट घालून मातीत उतरला. मी डोळे मिटले. ती माती मी चार दिवस मळली होती. ती कुस्ती पुढाऱ्याच्या पुतण्याची होती. दोघे पैलवान एकमेकांभोवती फिरत राहिले, मानेवर हात टाकायचे, सोडायचे, पुन्हा फिरायचे. माझ्यासारख्या माती मळणाऱ्यालाही कळलं की बरोबरीत सोडवायची ठरवून आणलेली कुस्ती आहे. आबा उठला. वहाणा स्टेजवर काढल्या, खाली उतरला आणि दोघांच्या मधे जाऊन त्यांचे हात धरले. त्याने दोन्ही तळव्यांवर अंगठा घासला आणि निवेदकाच्या हातातला माइक ओढून घेतला.

"पाव तास झाला, दोघांच्या बी हाताला माती न्हाई," तो म्हणाला. "ही कुस्ती मी लावल्याली न्हाई. कुणी लावलीया त्यानं सोडवावी."

मग पुढाऱ्याकडे बघून सावकाश म्हणाला, "सायेब, पायताण काडा. आन जेवून जावा."

काही लोक हसले. ते हसणंच महागात पडलं. मी स्टेजवर बसून होतो. मी उठलो नाही. फेटा नवा होता, बांधणाऱ्याने छान बांधला होता, एवढंच कारण. मी हट्टी माणूस आहे, कोणाचं ऐकत नाही असं गाव म्हणतं. त्या दिवशी मात्र मी फेट्याचं ऐकलं.

पुढच्या वर्षी कुस्त्या आष्ट्याच्या बाजूला मॅटवर गेल्या. आणि कमिटीत ठराव झाला की आखाड्याची जागा पडीक आहे, पोरं जिमला जातात, तिथे काँक्रीट करून सेल्फी पॉइंट करायचा. गावाचं नाव, आधी लाल बदाम, रात्री दिवे. माझ्या गावावर माझं प्रेम आहे हे गावाला दिव्याने सांगायचं.

आबाने अर्ज केला नाही, मोर्चा काढला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तो खोरं घेऊन आखाड्यात जाऊन बसला. रोज बसायला लागला. मला म्हणाला, "तू पानी मार. वल ऱ्हायली की माती जित्ती ऱ्हाती." मी पाणी मारायचो, तो उकरायचा. कुस्ती खेळायला कोणी येत नव्हतं. दोन म्हातारे रिकामा आखाडा तयार करत होते.

एक दिवस जेसीबी आला. चालवणारा बाहेरगावचा होता, त्याला काही माहीत नव्हतं. म्हणाला, "आजोबा, बाजूला व्हा." आबा म्हणाला, "हात दाव." तो गडी गोंधळून खाली उतरला आणि हात दाखवला. आबाने अंगठा घासला, थांबला, पुन्हा घासला.

"हाय," आबा म्हणाला. "माती हाय. कुणाचा रं तू?"

शेतकऱ्याच्याच घरचा होता. जेवला नव्हता. आबाने फडकं सोडलं, भाकरी, खरडा आणि कांदा त्याच्या पुढे ठेवला आणि तो गडीही आखाड्याच्या कडेला चपला काढून बसला. जेवण झाल्यावर त्याने मालकाला फोन लावून सांगितलं की हायड्रॉलिक गेलंय, आज काम होत नाही. यंत्र चालवतच परत नेलं. आबा पुष्कळ वर्षांनी मोठ्याने हसला.

त्यानंतर निवडणूक लागली आणि काम मागे पडलं. रद्द झालेलं नाही, मागे पडलंय.

आबा मागच्या थंडीत गेला. मुलाने त्याला दवाखान्यासाठी शहरात, विश्रामबागेत नेलं होतं. मी भेटायला गेलो तर खाटेवर पडल्या पडल्या त्याने माझा हात धरला, उताणा केला आणि अंगठा घासायला गेला. अंगठ्यात जोर नव्हता. मीच माझा तळवा त्याच्या अंगठ्याखाली सरकवला. मी निघताना तो म्हणाला, "जेवलास का?" मी हो म्हणालो. जेवलो नव्हतो.

आणि काय व्हायचं ते झालंच. गावात त्याचा फ्लेक्स लागला. भावपूर्ण श्रद्धांजली. ज्यांनी त्याला मैदानातून घालवलं तीच तोंडं वरच्या रांगेत, हात जोडून. आबाने उभ्या आयुष्यात फोटो काढून घेतला नव्हता, म्हणून सत्काराच्या दिवशी स्टेजवर कोणीतरी टिपलेला कापून घेतला होता. डोक्यावर तो फेटा. आणि खांद्यावर एक हात, बोटात जाड अंगठी. हाताचा धनी, तोच पुढारी, फोटोतून कापलेला होता, हात तेवढा राहिला होता.

तेराव्यापर्यंत मी गप्प बसलो. मग सकाळी विळा घेऊन गेलो आणि फ्लेक्स उतरवला. कमिटीचा एकजण गाडी थांबवून म्हणाला, "आवं, कशाला काडताय?" मी म्हणालो, तुमचा दुखवटा संपला असेल तर मला आखाडा झाकायचाय. वरची रांग कापून टाकली. आबाचं नाव दुमडून आत शिवलं. खांद्यावरचा हातही काढणार होतो, पण तो काढला तर आबाचा खांदा जात होता. राहू दिला.

आता आखाड्यात मी बसतो, खोरं घेऊन. परवा आभाळ भरून आलं तेव्हा तो फ्लेक्स मी मातीवर घातला. पालथा घातला, तोंड मातीकडे. त्याचा नियम मी तेवढाच मोडला.

सकाळी उचलून बघितला तर त्याच्या गालाला, कपाळाला, फेट्याला लाल माती चिकटली होती. त्या अंगठीच्या हातालाही चिकटली होती. मी फडकं ओलं केलं, तो हात स्वच्छ पुसून काढला आणि आबाच्या तोंडावरची माती तशीच ठेवली.