अर्ध्या आलेल्या गोष्टी

बाबांची नजर गेली तेव्हा मी पुण्यात एका कंपनीत दुसऱ्यांच्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधायचं काम करत होते. त्यात आपण हुशार आहोत असा माझा समज होता. अजूनही आहे, फक्त आता तो कुणाला बोलून दाखवत नाही.

बाबा तुमसरच्या एका राइस मिलमध्ये आयुष्यभर मशीनवर होते. संध्याकाळी अंगावरचा कोंडा झटकून घरात आले की हातपाय धुऊन आधी वाचायला बसत. दिवाळी अंक तर पुरवून पुरवून वर्षभर वाचत. काचबिंदूनं डोळे गेले आणि हा माणूस खाटेवर नुसता बसून राहू लागला. रेडिओ नको, टीव्ही नको. मला ते बघवेना.

मी माझ्या परीनं उपाय काढला. ऑफिसातून आल्यावर दिवाळी अंकातली एखादी कथा मोठ्यानं वाचायची, रेकॉर्ड करायची आणि भाड्यानं घेतलेल्या सर्व्हरवर ठेवायची. तुमसरच्या घरी छोट्या कॉम्प्युटरची एक डबी बसवली, तिला स्पीकर जोडला. डबीतला माझा प्रोग्रॅम रोज सकाळी सर्व्हरवरून नवी फाईल उतरवून घ्यायचा आणि संध्याकाळी बाबांनी फक्त बटण दाबायचं. "नीट ऐकू येते ना, बाबा?" मी फोनवर विचारायची. "येते ना," ते म्हणायचे. विषय तिथंच संपायचा. कथेबद्दल मी कधी विचारलं नाही. मीच वाचलेली कथा, तिच्यात आणखी काय विचारायचं?

एका रविवारी त्यांनीच विषय काढला. नवऱ्याशी भांडून माहेरी निघालेल्या बाईची कथा होती.

"बरं झालं, नवरा सायकल हानत स्टँडवर आला," बाबा म्हणाले. "तिचा चष्मा घरीच राह्यला होता. चष्म्याबिगर कशी गेली असती बिचारी?"

त्या कथेत सायकल नव्हती, चष्मा नव्हता. नवरा तर पहिल्या पानानंतर फिरकतही नाही. बाई एसटीत बसते आणि निघून जाते.

"बाबा, असं कुठं आहे जी त्या कथेत?"

"आहे ना वो. तू तेवढं वाचली नसशील."

डोळे तर गेलेच, आता डोकंही चाललं की काय! मी आईला फोन द्यायला सांगितला आणि हळू आवाजात विचारलं, "बाबा विसरून राहिले का गं?"

"कायचं विसरतेत? भाजीत मीठ कमी पडलं ते चार दिवस ध्यानात ठेवतेत."

"मग कथा भलतीच काहून सांगून राहिले?"

"ते तं रोजचंच हाय. मशीन थांबली का तुहे बाबा सुरू होतेत."

मशीन थांबते? मी तिला फोन डबीजवळ धरायला लावला. माझाच आवाज आला. बाईनं पिशवी मांडीवर घेतली, बसची पाटी वाचायचा प्रयत्न केला, आणि वाक्याच्या मध्येच आवाज तुटला.

बाबांचं डोकं शाबूत होतं, बिघाड माझ्याकडे होता. इतकं हायसं मला क्वचितच वाटलं असेल. मी कामाला लागले. सर्व्हरवर फाईल पूर्ण होती. पुण्यातून उतरवून पाहिली, पूर्ण आली. मग नेटवाल्याला शिव्या घातल्या, आईला राउटर बंद-चालू करायला लावून लावून वैताग आणला. शेवटी सर्व्हरवरची नोंद नीट वाचली तेव्हा दिसलं की बहुतेक रोज सकाळी फाईल थोडी जाते आणि मध्येच संपर्क तुटतो. आईला विचारलं, तर सकाळची लाईट जाते म्हणाली. डबीला बॅटरी होती, राउटरला नव्हती. फाईल अर्धी उतरून राहायची, आणि दुसऱ्या दिवशी माझा प्रोग्रॅम पाहायचा की या नावाची फाईल आपल्याकडे आहे, म्हणजे झालं. ती पूर्ण आहे का, हे तपासायला मी त्याला सांगितलंच नव्हतं. नवशिक्यांनी करावी अशी चूक. आता तो फाईलचा आकार ताडून बघेल, कमी भरला तर राहिलेला भाग मागून घेईल आणि पूर्ण झाल्याशिवाय वाजवणार नाही, अशी व्यवस्था मी पुण्यातूनच करून टाकली.

मग बाबांना जरा रागानंच विचारलं, "अर्धंच येते म्हणून सांगितलं काहून नाही जी?"

"मले वाटलं, ड्युटी करून थकून येतेस, वाचता वाचता डोळा लागत असंन तुहा. पोरीले कायले सांगावं? अर्धं तू वाचलं, अर्धं मी पुरं केलं."

मी हसले. "आता तुम्हाला तो त्रास नाही," म्हटलं. "बरं," ते म्हणाले.

दिवाळीला घरी गेले तेव्हा संध्याकाळी डबी बोलत होती आणि बाबा खाटेवर एकटेच ऐकत होते. आई आतल्या खोलीत मालिका बघत बसली होती. मी म्हटलं, तू नाही का ऐकत?

"पहले बसत होती मी. लसूण सोलत बसायची, मशीन कवा थांबते त्याची वाट पाहत." तिनं टीव्हीवरची नजर काढली नाही. "तुह्या त्या कथांमधे कोनी ना कोनी मरते, नाही तं निघून जाते. ह्यांच्या कथेत सारे घरी वापस येत."

"एखादी सांग ना."

"आता का आठवते? तवाच्या तवा आयकलं अन् झालं."

मला फार वाईट वाटलं. त्या सायकलवाल्या नवऱ्याखेरीज माझ्याकडे काहीच नव्हतं, आणि त्यालाही मी खोटं पाडायला निघाले होते. या दोघांची संध्याकाळ मी दुरुस्त करून बंद पाडली होती, आणि दोघांपैकी कुणी मला त्याबद्दल एक शब्द बोललं नव्हतं.

पुण्याला परतल्यावर मी एक कथा मुद्दाम मध्येच कापली आणि सर्व्हरवर ठेवली. वैनगंगेला पूर आलेला, डोंगा भर धारेत, आत बसलेली म्हातारी आणि तिची शेळी. तिथंच तोडली. संध्याकाळी अपेक्षेप्रमाणे बाबांचा फोन आला.

"बाई, आज फाईल अर्धीच आली वो. डोंगा धारेतच आहे."

"मग पुढं काय झालं असंल, बाबा?"

पलीकडे टीव्हीचा आवाज बारीक झाला. आई ऐकत होती. मीही फोन कानाला घट्ट लावून थांबले.

"मले का मालूम?" बाबा म्हणाले. "तू पाठवशील तवा समजंन."

थोड्या वेळानं टीव्हीचा आवाज पुन्हा मोठा झाला.