ती तोतरी नव्हती

"नाव काय गं तुझं?"

"चांगुना."

"परत सांग."

"चांगुना."

खुर्चीत बसलेला दिग्दर्शक हसला. तो हसला म्हणून मागे उभे असलेले पंचवीस-तीस जण हसले. "अगं, स्वतःचं नाव तरी नीट सांग. चांगुणा. ण. बाणातला ण."

नऊ वर्षांची पोर. मिठागराच्या बांधावर अनवाणी उभी. माझ्या थोरल्या भावाची मुलगी, आणि गावच्या शाळेत माझ्याच वर्गात. तिनं माझ्याकडं पाहिलं. तिला वाटलं, काका सांगेल यांना, की हिचं नाव हेच आहे. हिची आई हिला याच नावानं हाक मारते.

मी बांधाखालच्या मिठाकडं बघत राहिलो.

मग दिग्दर्शक माझ्याकडं वळला. "गुरुजी, तुम्हीच शिकवता ना हिला? मग तुम्हीच म्हणून दाखवा. सिनेमातलं हिचं पहिलंच वाक्य आहे. 'आई, पाणी कोण आणणार?'"

डी.एड.ला असताना हा ण मी घोटून घोटून शिकलो होतो. खोलीवर आरशासमोर उभा राहून. कित्येक वर्षांत माझी जीभ घसरली नव्हती. पण तीस माणसं बघत होती. मी तोंड उघडलं आणि म्हणालो, "आई, पानी कोन..."

वाक्य पुरं झालंच नाही. कॅमेरावाला स्टँडला धरून हसत होता. मागून कुणीतरी म्हणालं, "आडातच नाही, तर पोहऱ्यात कुठून येणार?"

मी तेव्हा बत्तीस वर्षांचा. गावातला पहिला शिकलेला. इस्त्रीचे कपडे घालणारा. माझ्या कानाच्या पाळ्या पेटल्या. त्या लोकांना उलट बोलायची धमक माझ्यात नव्हती. हाताशी होती ती ही पोर. ती समोर दिसत नव्हती, पाण्याकडं गेली असावी. मी म्हणालो, "साहेब, हिचं ऐकून ऐकून माझी जीभ वळली. ही मुळातच तोतरी आहे."

दिग्दर्शकाला बरं वाटलं. "मग ठीक आहे. चेहरा मिळालाय. आवाज काय, नंतर लावू."

'ही मुळातच तोतरी आहे' हे माझं वाक्य मी पंचेचाळीस वर्षं वागवलं. आता सत्त्याहत्तरचा आहे. ते खोटं होतं, हे लिहून ठेवायला बसलो आहे.

चांगुना तोतरी नव्हती. ती आगरी बोलत होती. आमच्या गावात सगळेच पानी म्हणतात, लोनी म्हणतात, कोन म्हणतात. तिनं एका बांधावरून हाक दिली तर चौथ्या बांधावरचा माणूस वळून बघायचा. तिचं नाव मी इथं 'न' घालूनच लिहितो आहे. बाकीचं मला पुस्तकी भाषेतच लिहिता येतं. घरच्या बोलीत लिहायला गेलं की हात अडतो. ती मीच घालवली.

सिनेमा मिठागरावरच्या मुलीचा होता. आमच्याच खाडीवर, आमच्याच मिठात काढलेला. पण ती मुलगी बोलणार मात्र दादरसारखं. का, तर लोकांना कळलं पाहिजे. कुठल्या लोकांना, हे मी विचारलं नाही.

काम तिनं असं केलं की बघत राहावं. एका प्रसंगात बाप घर सोडून जातो आणि ती नुसती बघते. रडायचं असं लिहिलेलं होतं. ती रडली नाही. तिनं खाली पडलेली बापाची टोपी उचलली, झटकली आणि स्वतःच्या डोक्यावर घातली. हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. दिग्दर्शक 'कट' म्हणायचं विसरला.

चेहरा त्यांनी ठेवला. नाव बदलून बेबी मंजिरी केलं. आवाज दादरच्या एका मुलीचा लावला.

सिनेमा पनवेलला लागला तेव्हा आम्ही सगळे टेम्पो करून गेलो. पडद्यावर चांगुना बोलायला लागली आणि माझी वहिनी अंधारात मोठ्यानं म्हणाली, "ही कोन बोलतंय? ही आमची पोर नाय." पुढच्या रांगेतले लोक हसले. वहिनी मला विचारत राहिली. मी म्हणालो, "मशीनमधून आवाज असाच येतो." माझा भाऊ म्हणाला, "तू शिकलेला हायस, तुना म्हाईत." त्याचा माझ्यावर पूर्ण विश्वास होता. तो विश्वास घेऊनच तो गेला.

चांगुना आईबापाच्या मधे बसली होती. पडद्यावर तिचे ओठ हलत होते. खाली ती ओठ मिटून होती.

बालकलाकाराच्या पारितोषिकासाठी तिचं नाव पुढं गेलं नाही. आवाज तिचा नाही, म्हणाले. पुढं दोन सिनेमे मिळाले. पोर तोतरी आहे ही गोष्ट त्या धंद्यात पसरलेली होती. दुसऱ्या सिनेमात तिला मुकी केली. तिसऱ्यात मुकी आणि आंधळी. तीन सिनेमे, आणि तिच्या गळ्यातला एक शब्द नाही.

आणि मी? मला मान मिळाला. तोतऱ्या पोरीला पडद्यावर नेणारे गुरुजी. शाळेच्या स्नेहसंमेलनात मी तो किस्सा सांगायचो. शिक्षकांच्या शिबिरात सांगायचो. एका दिवाळी अंकात त्यावर लेख लिहिला. ती कशी अडखळायची आणि मी कशी तिच्याकडून तयारी करून घेतली, सगळं रचून. छत्तीस वर्षं मुलांच्या वहीत 'ण'च्या जागी आलेल्या प्रत्येक 'न'भोवती लाल गोल काढले. तोंडी परीक्षेत पानी म्हणणाऱ्या पोराला मी वर्गासमोर दहा वेळा म्हणायला लावायचो आणि बाकीच्यांना हसू द्यायचो. ते मिठागरावरचं हसणं मी माझ्या वर्गात आणलं. रोज.

गेल्या महिन्यात त्या दिग्दर्शकाची नात खांदेश्वरला माझ्या घरी आली. जुना सिनेमा साफसूफ करून पुन्हा दाखवणार आहेत, वाशीच्या एका हॉलमध्ये. त्याआधी पाच मिनिटांची फिल्म दाखवायची, आठवणींची, आणि मग स्टेजवर मी थोडं बोलायचं. मुलगी तिशीची, चांगल्या वळणाची. पाया पडली. कॅमेरा लावला.

"काका, तो तोतरीचा किस्सा सांगा ना. आजोबा नेहमी सांगायचे. खूप क्यूट आहे."

मी सांगितला.

"ती कशी बोलायची, ते करून दाखवाल?"

मी करून दाखवलं. या वयात, स्वतःच्या घरात, भावाच्या फोटोखाली बसून मी "चां-चां-चांगुना" करून दाखवलं. ती खळखळून हसली. म्हणाली, "परफेक्ट."

जाताना तिनं एक आमंत्रण दिलं. "मंजिरीताईंना तुम्हीच द्या ना. त्या फोन उचलत नाहीत."

चांगुना तुर्भ्याला एका पॅकिंगच्या कंपनीत आहे, माल सुटतो त्या गेटवर. बारा-तेरा वर्षांत आमची भेट लग्नाकार्यातच, लांबून. मी जेवणाच्या सुट्टीच्या सुमाराला गेलो. गेटपासून शंभर पावलांवर असताना आवाज ऐकू आला. ट्रक पाठीमागं येत होता, दुसरे दोन हॉर्न वाजवत होते, आणि त्या सगळ्यावरून एक बाई ओरडत होती.

"येऊ दे, येऊ दे, दावीला काट. अरे दावीला! जेवतोस कंच्या हातानं? तो नाय, दुसरा!"

ड्रायव्हर खिडकीतून म्हणाला, "मावशी, तुम्हाला विमानतळावर ठेवायला पाहिजे. विमानं पण घाबरून उतरतील."

"आदी तुजा खटारा उतरव. मंग विमानाचा बघू."

हमाल हसले. तीही हसली. कुठं अडखळली नाही. मी तिथंच उभा राहिलो. आवाज भावाचा होता, खर्जातला, मिठाच्या हवेत कमावलेला.

तिनं मला पाहिलं. "गुरुजी," म्हणाली. लहानपणी घरात काका म्हणायची. मग बोट दाखवून बाकड्यावर बसवलं, पाणी दिलं. मी आमंत्रण पुढं केलं. तिनं ते उघडलं नाही.

"तुमी बोलनार हाव तिथं?"

"पाच मिनिटं. आठवणी."

"तोतरीची?"

मी पाण्याचा ग्लास खाली ठेवला.

"त्या दिवशी मी तुमच्या पाठीच उभी व्हते, गुरुजी. तुमी सायबाला सांगितला ना, पोर तोतरी हाय. मना सगला आयकू आला."

मला हे माहीत नव्हतं. पंचेचाळीस वर्षं मला वाटत होतं, ती पाण्याकडं गेली होती.

ती रागानं बोलत नव्हती. डबा उघडून जेवत जेवत सांगत होती. एकोणिसाव्या वर्षी ती एकटी दादरला गेली होती, एका सिनेमाच्या ऑफिसात. नायिकेच्या बहिणीचं काम. पुष्कळ बोलणं असलेलं. तिनं पूर्ण उतारा पाठ केला होता, ण सकट. रात्रंदिवस घोटून. तिथल्या माणसानं तिला तो म्हणूच दिला नाही. टेबलाच्या खणातून दिवाळी अंक काढला. म्हणाला, बाई, तुमच्या गुरुजींनीच लिहिलंय. आम्ही दुसरा मुक्या मुलीचा सिनेमा काढला तर कळवू.

"मी तो उतारा बसमधी बोलले. सगला. परत येताना. कंडक्टर बोलला, बाई, बरा हाय ना?"

ती हसली. मला हसता आलं नाही.

मी म्हणालो, "चांगुना, मला माफ कर."

तिनं डब्याचं झाकण लावलं. "माफी मी नाय देनार. ती मागून तुमी घरी जाऊन झोपनार. तुमी जिथं जिथं ही गोष्ट सांगितली ना, तिथं तिथं जाऊन सांगा खोटी व्हती म्हनून. वाशीला मी येनार नाय. मना बघायचा नाय तो सिनेमा, त्याच्यात मी नाय." मग उठली. "गारी लागली माजी."

दुसऱ्या दिवशी मी दिग्दर्शकाच्या नातीला फोन केला. म्हटलं, ते सगळं पुन्हा शूट करा, मी खोटं बोललो आहे. ती तोतरी नव्हती. तुमच्या आजोबांना तिची भाषा नको होती आणि मला माझी लाज वाटली, म्हणून मी तिला तोतरी केली.

ती म्हणाली, "काका, मी समजू शकते. पण ते खूप निगेटिव्ह होईल. सेलिब्रेशन आहे ना. आणि ती स्टोरी लोकांना आवडते."

"ती माणसाची जीभ कापून केलेली स्टोरी आहे."

"काका, तुम्ही टेन्शन घेऊ नका. मी बघते."

तिनं बघितलं. चार दिवसांनी निरोप आला, कार्यक्रम टाइट झाला आहे, स्टेजवर तुमचं बोलणं आता बसत नाही. फिल्ममध्ये मात्र तुम्ही आहात. म्हणजे माझी नक्कल राहणार. माझं खरं राहणार नाही.

काल शाळेत गेलो. माझ्याच शाळेत. आता चारी बाजूंनी टॉवर उभे आहेत. हेडबाई माझ्या मुलीच्या वयाच्या. म्हणाल्या, "गुरुजी, आता कशाला उकरून काढता? पोरांना काय कळणार?" मी म्हटलं, याच खोलीत सांगितलं होतं, याच खोलीत सांगू द्या. त्यांनी पाचवीचा वर्ग दिला.

मी सगळं सांगितलं. पोरं ऐकत होती. त्यातली निम्मी बाहेरगावची, त्यांची बोली तिसरीच. शेवटी एका मुलीनं हात वर केला.

"मंग तुमी त्यांना सॉरी बोलले का?"

"बोललो. तिनं घेतलं नाही."

"बरोबरच हाय," ती म्हणाली आणि खाली बसली.

कुणी हसलं नाही. हेडबाईंनी तिच्याकडं डोळे वटारले, तेव्हा मी त्यांना हातानं थांबवलं. तिचं वाक्य कुणी दुरुस्त करायचं नाही, एवढंच मी त्यांना सांगितलं.

ज्या मासिकाच्या दिवाळी अंकात लेख आला होता ते बंद पडलं आहे. त्याचे संपादक हयात नाहीत. तरी मी हे लिहून दुसरीकडं पाठवतो आहे. शिबिरात माझं भाषण ऐकलेले आठ-दहा शिक्षक अजून आहेत, तळोज्याला, उरणला, पेणला. त्यांच्या घरी जाणार आहे. फोनवर नाही. घरी. त्यातल्या दोघांना ऐकू कमी येतं, त्यांच्यासमोर मोठ्यानं सांगावं लागेल, त्यांच्या सुनांच्या देखत. सांगेन.

आणि वाशी. रविवारी कार्यक्रम आहे. माझं नाव पत्रिकेतून गेलं आहे, पण दार सगळ्यांना उघडं आहे असं त्यावर छापलं आहे. मी पुढच्या रांगेत बसणार. ती पाच मिनिटांची फिल्म लागेल, मी पडद्यावर तोतरं बोलेन, लोक हसतील. तेव्हा मी उठणार आणि हे पान वाचणार, चांगुना या नावापासून, 'न' घालून. खाली बसा म्हणतील. संपल्याशिवाय बसणार नाही. माइक देणार नाहीत, हे मला ठाऊक आहे. मला तो लागत नाही. चार वर्ग एका खोलीत शिकवलेला माणूस आहे मी.