नामंजूर होण्यासाठी केलेले अर्ज

त्या काळी आमच्या धारवाडच्या कचेरीत कारकुनांचा संघ नवा होता आणि मी त्याचा चिटणीस होतो. वय तिशीच्या आतले, रजेचे सगळे नियम तोंडपाठ. माझ्याइतका शहाणा माणूस हुबळी-धारवाडात नाही, असे मला मनापासून वाटे. आजही तो समज फारसा गेलेला नाही.

नियम असा होता की मार्चअखेर घेतली नाही ती रजा बुडाली, आणि नव्या वर्षाची रजा सहा महिने भरल्याशिवाय मिळायची नाही. मात्र लेखी अर्ज केला आणि साहेबाने कामासाठी तो नामंजूर केला, तर तेवढे दिवस पुढच्या वर्षात जमा होत. इतके सोपे असूनही दर वर्षी आमची रजा बुडे, कारण लेखी मागायची रीतच नव्हती. पट्टेवाल्याला साहेबाचा नूर विचारायचा, मग आत जाऊन तोंडी चाचपायचे. साहेबाच्या कपाळाला आठी दिसली की अर्ज खिशातच राही. ‘नामंजूर’ हा शेरा म्हणजे नोकरीवरचा डाग, असे आमचे जुने लोक मानत.

त्यांतले सगळ्यांत जुने म्हणजे कचेरीचे दप्तर सांभाळणारे अप्पा. जुन्या हुबळीत माझ्याच गल्लीत राहत. बायको कधीच गेलेली, एकुलती मुलगी बेळगावला दिलेली. तिची आधीची दोन मुले जन्मतःच गेली होती. या खेपेला दिवस एप्रिलात भरत होते, आणि ‘तुम्ही जवळ असा’ एवढेच तिने बापाला लिहिले होते. अप्पांची पंधरा दिवस रजा शिल्लक होती. ती कशीही करून एप्रिलात न्यायची होती.

मी डाव रचला. मार्चचा दुसरा पंधरवडा म्हणजे वर्षअखेरीची घाई. नेमक्या त्या दिवसांसाठी अकरा जणांनी अर्ज करायचे. साहेब एकही मंजूर करणार नाही आणि सगळ्यांची रजा पुढे जाईल. अप्पा मात्र सही करायला तयार होईनात.

“बावीस वर्षांत एक नामंजूर नाही रे, तम्मा.” कानडीत धाकट्या भावाला म्हणतात तसे ते मला तम्मा म्हणत.

“त्या नामंजुरीवरच लेकीकडं जायचंय तुम्हाला,” मी म्हणालो. तेव्हा कुठे त्यांनी सही केली.

दुसऱ्या दिवशी दहा अर्ज नामंजूर होऊन आले. अप्पांचा मंजूर झाला. या माणसाने आजवर कधी लेखी मागितले नाही, तेव्हा नड खरी असणार, असे साहेबाने खाली लिहिले होते.

माझा डाव फसला, पण तोंड काही बंद झाले नाही. रजेवरच्या माणसाला कामासाठी परत बोलावले तर उरलेले दिवस शिल्लक राहतात, असे एक कलम मला आठवले. एखादे दप्तर दडवून ठेवू, म्हणजे साहेब स्वतःच बोलावणे धाडेल, असे मी अप्पांना समजावू लागलो. माझे बोलणे संपायच्या आत त्यांनी टोपी नीट केली आणि ते सरळ साहेबाच्या खोलीत शिरले.

“ईग ब्याडरी, साहेबर.” आत्ता नको, असे म्हणून त्यांनी कानडीत सगळे सांगून टाकले. एप्रिल, मुलगी, गेलेली दोन मुले. तुम्ही नाही म्हणावे म्हणूनच अर्ज केला, हेसुद्धा. मी दाराशी उभा राहून ऐकत होतो. बाकीच्या दहांचे काय, असे साहेबाने विचारले. त्यांचे त्यांना ठाऊक, मी माझे सांगितले, असे अप्पा म्हणाले.

साहेबाने अर्ज मागून घेतला. मग त्याने ‘मंजूर’ खोडून ‘नामंजूर’ लिहिले.

“बघ की, लागला शेवटी डाग,” बाहेर आल्यावर अप्पा म्हणाले आणि हसले. मी त्यांना म्हणालो, की असे करायला नको होते, संघ अडचणीत आला असता. ते आपल्या दप्तरांकडे वळले.

एप्रिलात ते बेळगावला गेले. आठवड्याभराने साहेबाने मला बोलावले आणि एक कार्ड पुढ्यात ठेवले. अप्पांचे अक्षर. नात झाली, बाळ-बाळंतीण सुखरूप आहेत. मला इतका आनंद झाला की साहेबासमोरच मी खुर्चीत बसलो. मग कार्ड उलटून पाहिले. नाव साहेबाचे होते, आणि माझ्यासाठी त्यात एक ओळही नव्हती.